खाटेखालची अढी

१४ एप्रिल

डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजा आणि वहीत लिहा. म्हणून ही वही. सकाळी ९८.२, संध्याकाळी ९८.६. एवढं लिहिलं आणि बाकी पान कोरंच राहिलं. कोरं पान बघून मला चैन पडत नाही. छत्तीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली. तयार माल हातात घ्यायचा, मोजायचा, पास नाहीतर नापास. तेव्हा उरलेल्या जागेत काहीबाही लिहावं म्हणतो. बायकोनं, अंजनीनं, हे वाचण्याची भीती नाही. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांचे पाय, असं ती लग्न झाल्यापासून म्हणते.

आधी आजाराचं लिहून ठेवतो. चार वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली. बरी झाली असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. या जानेवारीत कंबर दुखते म्हणून तपासण्या केल्या, तर तोच कॅन्सर हाडात आणि फुप्फुसात पोचलेला. आता दर तीन आठवड्यांनी उल्हासनगरच्या हॉस्पिटलात केमो. त्यानंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, म्हणून शिळं नको, कच्चं नको, गर्दी नको, सर्दीवाला माणूस दारात नको. मी यादी करून फ्रिजवर चिकटवली आहे. आमची एकुलती एक किर्ती चिखलोलीला राहते. ती म्हणते, "पप्पा, तुम्ही घराचं गेटपास ऑफिस करून टाकलंय." म्हणू दे.

१९ एप्रिल

सकाळी ९८.४. अंजनी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवली नाही. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही. बायकांच्या "काही नाही"चा अर्थ लावायला अजून यंत्र निघालेलं नाही.

संध्याकाळी आपणहून बोलली. दरवर्षी या दिवसांत ती बारवीकडे माहेरी जाते. तिच्या भावाकडे, कान्हाकडे, आंबे उतरवतात आणि माजघरात अढी घालतात. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा, मग गोणपाट. आठ-दहा दिवसांनी रोज हात घालून पिकलेले वेगळे काढायचे. हे काम लहानपणापासून तिचं. कुठला आंबा उद्या होईल आणि कुठला परवा, हे ती नुसतं हुंगून सांगते. यंदा प्रवास बंद. "चाळीस वर्षांत एक वर्ष चुकलं नव्हतं हो," म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

मला एक युक्ती सुचली आहे. अंजनी अढीकडे जाऊ शकत नाही, तर अढीनं अंजनीकडे यावं. तिला सांगितलं तर म्हणाली, "कशाला उगाच पसारा. दोन खोल्यांचं घर." पण चेहरा उजळला होता, मी पाहिला. कान्हाला फोन केला.

२३ एप्रिल

कान्हा टेम्पो करून आला. तीन पाट्या रायवळ आंबे आणि दोन मोठे भारे पेंढा. आल्या आल्या मी त्याचे हात साबणानं धुवायला लावले, चपला बाहेर, तोंडाला मास्क. तो हसत होता. थोरल्या बहिणीला तो बाय म्हणतो.

"भावोजी, बायला भेटाया आलोय का मंत्र्याला?"

पेंढ्याची जागा ठरवण्यावरून वाद झाला. मी म्हणालो गॅलरीत, पण तिथं ऊन. शेवटी अंजनीच म्हणाली, माझ्या खाटेखाली घाला, मला हात पोचेल. मला पटलं. कान्हानं भारे सोडले. वरचा पेंढा सोनेरी, आतला जरा काळपट.

"दिवालीच्या पावसात शेतातली पेंढ्याची उडवी भिजली व्हती," तो म्हणाला. "पन आता सुकलाय. बघा, कसा कुरकुरीत हाय."

त्यानं पेंढा झटकला तशी खोलीत धूळच धूळ झाली. मला चार शिंका आल्या, अंजनीला दोन. मी लगेच खिडकी उघडली आणि नंतर फरशी फिनेलनं दोनदा पुसली. अंजनी खाटेवर बसून हुकूम सोडत होती, देठ खाली करा, एकमेकांना चिकटवू नका, दाबू नका. कान्हा आणि मी दोघं साठीतले घोडे, खाटेखाली ओणवे. जानेवारीपासून तिचा आवाज इतका मोठा निघाला नव्हता.

जाताना कान्हानं तिच्या पायांना हात लावला. मोठी बहीण म्हणून लावतो दरवर्षी, पण आज जास्त वेळ लावला.

२ मे

२८ तारखेला तिसरी केमो झाली. दोन दिवस उलट्या, आता बरी आहे. सकाळी ९८.६.

खोलीत आंब्याचा वास भरला आहे. अंजनी कुशीवर वळते, हात खाली घालते, पेंढा बाजूला सारते आणि एकेक आंबा नाकाशी धरते. नासका निघाला की मला देते, त्याला चिकटलेला पेंढा बोटांनी साफ करून बाकीचे पुन्हा झाकते. तासभर हाच उद्योग. पिकलेला आंबा मी उकळलेल्या पाण्यानं धुतो, साल काढतो आणि मगच देतो. यादीत तसं लिहिलं आहे.

आज वरच्या मजल्यावरचा दिपेश तिची चौकशी करायला आला. त्याचं नाक वाहत होतं. मी दारातूनच परत पाठवला. अंजनी रागावली, म्हणाली, माणसं तोडताय. मी म्हणालो, तुझ्यासाठी जग तोडीन. हे वाक्य मला लिहिताना जरा नाटकी वाटतंय, पण म्हणालो होतो खरं.

८ मे

सकाळी १००.४. संध्याकाळी १०१.२. कोरडा खोकला.

९ मे

१०१.८. हॉस्पिटलात नेलं. रक्त काढलं, पांढऱ्या पेशी फारच खाली. अँटिबायोटिकवर दाखल करून घेतलं. मला काही कळत नाही. एक नियम मोडला नाही. यादी दोनदा वाचली. घरी येऊन तिसऱ्यांदा वाचली.

१३ मे

ताप उतरत नाही. पेशी वाढल्या म्हणतात, तरी ताप आहेच. खोकल्यातून रक्ताची रेघ आली. डाव्या हाताच्या मनगटाजवळ वाटाण्याएवढी गाठ आली आहे, मध्ये काळसर. अशीच एक पोटरीवर. नर्सबाईंना दाखवली, त्या म्हणाल्या सुईची असेल. पोटरीत कुणी सुई टोचली नव्हती.

अंजनीला अढीची काळजी. "हात घालताय ना रोज? नासके काढताय ना?" मी हो म्हणालो. खरं तर चार दिवस त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. तिच्याशिवाय तिथं जाववत नाही.

१५ मे

सीटी स्कॅन झाला. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि किर्तीला बोलावलं. फिल्म उजेडावर लावली. फुप्फुसात मार्चमध्ये दोन डाग होते, आता सात. ते म्हणाले, "पसरलंय. केमोला दाद देत नाहीये." अंगावरच्या गाठीही त्याच्याच असू शकतात. मग हळूच म्हणाले, आता त्रास कमी करण्याकडे लक्ष देऊ. घरी न्यायचं का, याचा तुम्ही विचार करा.

किर्ती जिन्यात बसून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते ठरवता येईना. अंजनीनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, औषध बदलणार आहेत. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला थाप पचली नाही हे मला दिसलं, आणि मला दिसलं हे तिलाही.

१७ मे

वॉर्डात एक तरुण डॉक्टर आहे, मैत्रेयी नावाची. किर्तीपेक्षाही लहान असेल. ती आज मनगटावरची गाठ बघत बराच वेळ उभी राहिली. मग मला बाहेर घेऊन गेली.

"काका, मला ही गाठ कॅन्सरची वाटत नाही. बुरशीची वाटतेय. सात डागांतलेही काही बुरशीचे असू शकतात. पण खात्री नाही. घरी काही बांधकाम चाललंय का? ओल आलेली भिंत? कबुतरं? माती, खत, जुनं गवत, असं काही?"

मी जरा दुखावलोच. "मॅडम, आमचं घर लख्ख असतं. दिवसातून दोनदा फिनेल. माणसाला मी मास्कशिवाय आत घेत नाही. गुरं नाहीत, मग गवत कुठलं?"

तिनं लिहून घेतलं. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

बुरशी! पावावर येते ती. मी किर्तीला फोन केला तर ती ओरडलीच, "पप्पा, म्हणजे कॅन्सर वाढलेला नाहीये! नुसतं फंगस आहे!" दोघंही फोनवर हसलो. हॉस्पिटलसमोर धर्मेशचं औषधांचं दुकान आहे, जानेवारीपासून ओळख. त्याच्याकडून नायट्यावर लावायची ट्यूब घेतली. तो म्हणाला, "अंकल, ये तो दाद-खाज की है. इससे अंदर का कैसे ठीक होगा?" पण मी घेतली, आणि अंजनीच्या मनगटाला हलक्या हातानं लावली. तिला सांगितलं, ही तर साधी बुरशी आहे. ती म्हणाली, "मग मला एवढं मेल्यासारखं का वाटतंय?"

१८ मे

मैत्रेयी मॅडमनी ट्यूब बघितली. हसल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि समजावलं. अंगातली बुरशी म्हणजे नायटा नव्हे. निरोगी माणसाच्या श्वासातून गेली तर अंग तिला मारून टाकतं. अंगात लढायची ताकद नसली, की ती फुप्फुसात रुजते, मग रक्तातून कातडीत, डोळ्यात, मेंदूत. कॅन्सरइतकीच घातक, आणि त्याच्यापेक्षा घाईची.

"म्हणजे कॅन्सर नाही, बुरशी आहे, असं?" मी विचारलं.

"काका, कॅन्सर तर आहेच. प्रश्न एवढाच, की सध्या काकूंना आजारी कोण करतंय."

एकाच घरात दोन चोर शिरले आहेत, आणि आवाज येतोय तो कुणाचा हे कळत नाही, असं काहीतरी.

१९ मे

गाठीच्या तुकड्याचा पहिला रिपोर्ट आला. तुकडा लहान पडला, ठामपणे काही सांगता येत नाही. दुसरी चाचणी मुंबईला गेली आहे, आठवडा लागेल. अंजनीला धाप लागते. मोठे डॉक्टर म्हणाले, कॅन्सरमुळे फुप्फुसाला सूज असणार, उद्यापासून स्टिरॉइड देऊ. मैत्रेयी मॅडम त्यांच्या शेजारी गप्प उभ्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, "बुरशी असेल तर स्टिरॉइडनं ती भडकेल. पण बुरशी म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. आणि बुरशीचं औषध लिव्हरला जड आहे, नुसत्या संशयावर देता येत नाही."

२० मे

कपडे घ्यायला घरी आलो. आमच्या कुळगावात उतरलो तेव्हा ऊन रणरणत होतं. दार उघडलं तर आंब्याचा वास नव्हता. कुजका, ओलसर वास होता.

खाटेखालचं गोणपाट ओढलं. वरचे आंबे काळे पडून बसले होते. त्यांच्या रसानं पेंढा ओला झालेला. तळाचा पेंढा उचलला तर त्यावर करडी-हिरवी लव, आणि हात लागताच त्यातून धूर निघाला. धूर नव्हे, भुकटी. उन्हाच्या पट्ट्यात ती तरंगत होती, सावकाश, खाटेच्या दिशेनं. अंजनीची उशी जिथं असते तिथं.

मी सगळं पोत्यांत भरलं आणि बाहेर टाकून आलो. मग फरशी धुतली. मग पुन्हा धुतली.

२१ मे

आज लिहिण्यासारखं काही नाही. ताप १०२. स्टिरॉइडचे दोन डोस झाले.

२२ मे, सकाळ

काल खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीतही खोटं लिहिणारा माणूस मी नव्हतो.

परवा संध्याकाळी हॉस्पिटलात परतलो तेव्हा मैत्रेयी मॅडम समोरच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काका, काही हवंय?" मी म्हणालो, नाही. का म्हणालो? किर्ती काय म्हणेल, म्हणून. लोकांची नाकं तपासत बसलो आणि आजारणीच्या उशीखाली पेंढा रचला, हे कुणाला सांगायचं म्हणून. मनात असंही आलं की पेंढा कान्हाचा होता, भिजलेला त्यानं आणला. म्हणजे दोष त्याचा. हे मनात आलं आणि बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. शिवाय मी स्वतःला सांगत होतो, कदाचित कॅन्सरच असेल. बायकोला कॅन्सरच असावा, अशी आशा करत मी दोन दिवस काढले.

तोवर तिच्या शिरेत स्टिरॉइडचं ते इंजेक्शन जात होतं. परिचारिकेनं सही मागितली तेव्हा मी सही केली. सुवाच्य अक्षरात.

२२ मे, दुपार

सांगितलं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मैत्रेयी मॅडम डबा खात होत्या. मी उभ्यानंच म्हणालो, "मॅडम, तुम्ही गवत विचारलं होतंत. आमच्याकडे आंब्याची अढी होती. भाताच्या पेंढ्याची. तिच्या खाटेखाली."

त्यांचा घास हातातच राहिला. "किती दिवस?"

"ती दाखल होईपर्यंत सोळा दिवस. रोज ती हात घालायची त्यात."

"पेंढा कोरडा होता?"

"भिजून वाळलेला. परवा काढला तेव्हा त्यावर हिरवी-करडी लव होती. मी परवाच बघितली, मॅडम. परवा."

त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. डबा तसाच उघडा टाकून त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे पळाल्या. अक्षरशः पळाल्या, ओढणी मागं उडत होती. मी डब्याला झाकण लावलं आणि तिथंच बसून राहिलो.

तासाभरात स्टिरॉइड बंद झालं आणि माझ्या हातात बुरशीवरच्या इंजेक्शनची चिठ्ठी आली. धर्मेशकडे ते इंजेक्शन नव्हतं. त्यानं तीन फोन केले, एकदा सिंधीत भांडला, मग म्हणाला, "अंकल, कल्याण से आ रहा है. लड़का निकल गया, घंटे में आपके हाथ में." संध्याकाळी पहिला डोस गेला.

२७ मे

मुंबईचा रिपोर्ट आला. बुरशीच आहे. अंगभर पसरलेली. ताप आज १००.६. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून पाच दिवस वाचले." दोन दिवस घालवले हे त्यांना माहीत नाही. मैत्रेयी मॅडमना माहीत आहे. त्यांनी मान खाली घातली.

३० मे

औषधानं अंजनीला रंग दिसतात. पांढऱ्या भिंतीवर निळं पाणी हलतं म्हणे, आणि पंख्याला पिवळी झालर. मी घाबरलो, तर मॅडम म्हणाल्या, या औषधानं होतं असं, घाबरू नका. अंजनी मात्र खूश. "तुम्ही आज जांभळे दिसताय," म्हणाली. "लग्नात असे दिसला असतात तर नकार दिला असता."

मी हसलो आणि बाहेर जाऊन रडलो. अखेर आलं एकदाचं.

७ जून

सकाळी ९८.८. मनगटावरची गाठ सुकून खपली झाली. धाप कमी. आज ती आधाराशिवाय खिडकीपर्यंत गेली.

मी मॅडमना गाठून विचारलं, हे माझ्यामुळेच झालं ना? त्या म्हणाल्या, बुरशीचे कण सगळीकडे असतात, रस्त्यावर, एसीत, आत्ता तुमच्याही नाकात. पेंढ्यातून आली असण्याची शक्यता बरीच आहे, पण नक्की सांगता येत नाही. "नक्की सांगता येत नाही" असं मी छत्तीस वर्षांत एका रिपोर्टातही लिहिलं नाही. आता त्याच्याच आधारानं झोपावं लागणार, आणि झोप लागत नाही. दोषी ठरलो असतो तर निदान निकाल तरी लागला असता.

१६ जून

पुन्हा सीटी. पुन्हा फिल्म उजेडावर. या वेळी मैत्रेयी मॅडमनी समजावलं. सात डागांपैकी पाच आक्रसलेत. दोन वाढलेत. आणि लिव्हरमध्ये तीन नवे.

"जे कमी झाले ते बुरशीचे," त्या म्हणाल्या. "वाढले ते कॅन्सरचे."

"मग मे महिन्यात पसरलंय म्हणाले, ते खरं होतं की खोटं?"

"दोन्ही, काका."

"मग आता केमो?"

"बुरशी पूर्ण जायला महिने लागतील. तोवर केमो दिली तर पेशी खाली येतील आणि बुरशी उसळेल. नाही दिली तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाल्या, अंगातली ताकद बघता मोठी केमो त्यांना आता झेपणार नाही. गोळ्या देऊ. घरी न्या. चांगले दिवस मिळतील.

किती, असं किर्तीनं विचारलं. दिवाळी कठीण आहे, म्हणाल्या.

म्हणजे बरं झालं की वाईट? ताप गेला, खोकला गेला, चालायला लागली, आणि दिवाळी कठीण. मी फिल्म पिशवीत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. किर्तीनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

२२ जून

घरी येऊन चार दिवस झाले. ९८.४. दुपारी तिला मऊ भात भरवला आणि सांगून टाकलं. पेंढ्याचं, लवेचं, दोन दिवस गप्प बसल्याचं, सहीचं. सगळं एका दमात. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाली, "दोन दिवस?"

"दोन दिवस."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी ताट घेऊन उठलो तेव्हा बोलली.

"मला राग आलाय. आज राहील. उद्याचं उद्या बघू."

"बरं."

"कान्हाला सांगितलंत?"

"नाही."

"सांगायचं नाही. आज नाही, मी गेल्यावरही नाही. भिजला पेंढा आपण बहिणीला दिला, हे घेऊन तो जगायचा नाही. शेतात उडवी दिसली की मरेल रोज."

मी म्हणालो, "आणि मी?"

ती वळली. डोळे रडलेले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात तिचं ते नेहमीचं हसू. "तुम्ही माझे नवरे आहात. माझं ओझं उचलायची तुम्हाला सवय आहे."

मग तिनं शपथ घ्यायला लावली. मी शपथा घेत नाही. घेतली.

२३ जून

तिनं सकाळी चहात साखर कमी आहे म्हणून मला झापलं. राग गेला असावा. किंवा नसावा. विचारायचा धीर झाला नाही.

२९ जून

कान्हा आणि त्याची बायको ठमी आले. मी हात धुवायला सांगण्याआधीच कान्हानं मोरीत जाऊन कोपरापर्यंत धुतले. मास्क घरूनच लावून आलेला. ठमीनं नाचणीची पेज आणली होती, उकळून, झाकून. माझी यादी आता सगळ्यांना पाठ आहे.

कान्हा खाटेजवळ खाली बसला. इकडचं तिकडचं झालं, लावणी, नदीचं पाणी, मांजर्लीत कुणाच्या दारापर्यंत चढलं ते. मग त्यानं मलाच विचारलं.

"भावोजी, ही बुरशी आली तरी कुठनं? तुमी तं एवढं जपत व्हता. मना काय उमगत न्हाय. रोज डोक्यात तेच."

अंजनी माझ्याकडे बघत होती. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. भिजलेली उडवी, दोन भारे, शिंका. कुणीतरी वाटेकरी हवाच होता मला, आणि तो समोर बसला होता.

"हवेतनं," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाल्या, सगळीकडे असते. नक्की सांगता येत नाही."

"म्हंजे कुनाचा दोष न्हाय?"

"कुणाचा नाही."

त्यानं सुस्कारा टाकला. मोकळा झाला, दिसलंच. बहिणीच्या पायांवर हात ठेवून म्हणाला, "बाय, पुडल्या वर्षाला तूच ये. आंब्याखाली तुझी खाट टाकतो. बसल्या जागी हुकूम सोड."

अंजनीनं त्याच्या केसांतून हात फिरवला. "मी नाही रे यायची. यांच्यासाठी पाठव. थोडेच पाठव हं, एका माणसाला कितीसे लागणार."

ठमीनं तोंडाला पदर लावला. कान्हानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"मला नकोत आंबे," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. "एकही नको. मी हात लावणार नाही."

"खातील रे," अंजनी कान्हाला म्हणाली. "तू पाठव."